मस्टरवर सही, करारात सल्लागार

लातूरच्या धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकवत होते, तेव्हा शहरात पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी नव्हतं. विमानं धुणं बंद होतं, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचो. सकाळी सहाला मस्टरवर सही, अंगावर प्रशिक्षण संस्थेचा गणवेश, आणि एक दिवस उमरीला माहेरी जायचं म्हटलं तरी व्यवस्थापकांकडे अर्ज. माझे वडील जिल्हा परिषदेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. फोनवर त्यांचा ठरलेला प्रश्न, "बाई, मस्टर हाय ना तिथं?" हाय म्हटलं की ते निर्धास्त व्हायचे. खरं सांगायचं तर मीही.

कागदावर मात्र मी नोकरीत नव्हतेच. दरवर्षी नवा करार, त्यात पगाराऐवजी 'मानधन' आणि प्रशिक्षकाऐवजी 'सल्लागार'. मानधनातून दहा टक्के कर कापून घेत. तो परत मिळेल का, हे विचारायला मी गंजगोलाईच्या बाजारातल्या एका कर सल्लागाराकडे गेले. तो खूश झाला. "म्याडम, हे तर लई भारी हाय! डॉक्टर-वकिलावानी तुमचा व्यवसाय दाखवू. निम्मीच कमाई धरायची, निम्मी खर्चात. कापलेलं वापस येतंय."

खर्च कसला? विमान संस्थेचं, इंधन संस्थेचं, माझा खर्च म्हणजे एक गॉगल. पण कर परत आला आणि त्यातून मी गच्चीवर पाण्याची काळी टाकी बसवली. एवढी हुशारी वाटली की बाकीच्या तिघा प्रशिक्षकांनाही मीच त्याच्याकडे नेलं. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

चौथ्या वर्षी मला दिवस गेले. आम्हा वैमानिकांत दिवस गेले की बाळंतपण होईपर्यंत उड्डाण बंद, नियमच आहे. मी स्वतःहून कळवलं. वाटलं, तोवर वर्गात हवामान शिकवेन, मग पगारी रजा. आमच्याच ऑफिसातल्या हिशेबनीस बाई नुकत्याच सहा महिन्यांची रजा घेऊन परतल्या होत्या. व्यवस्थापक फार अदबीनं बोलले. "त्या कर्मचारी आहेत, मॅडम. सल्लागाराला रजा नसते." महिनाअखेर माझा करार संपवला.

मी कामगार कार्यालयात गेले. मस्टरचे फोटो, रजेचे अर्ज, गणवेशाचा आदेश, सगळं टेबलावर मांडलं. साहेबांनी एकेक कागद नीट वाचला, मान डोलावली. मला धीर आला. मग म्हणाले, "इन्कम टॅक्सचे कागदं दावा."

आधीच्या तीनही वर्षांच्या विवरणपत्रांत लिहिलेलं होतं : व्यवसाय, तांत्रिक सल्लागार. खाली माझी सही.

"हे तुमीच भरलंय ना?"

"हाव," मी म्हटलं. विमानात पोरांवर चढणारा माझा आवाज तिथं मलाच ऐकू येईना.

"संस्था हाच कागद पुढं करन. मी काय करू, सांगा. केस टाका, पर चार-पाच वर्षं धरून चाला. उदगीर जिल्हा होणार म्हणतेत. निम्मा स्टाफ तिकडं गेला की इथं तारीखबी मिळायची न्हाई." माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला.

सातव्या महिन्यात मी उमरीला असताना एका विद्यार्थिनीचा फोन आला. मुरुडच्या दुकानदाराची मुलगी, माझ्या हाताखाली शिकलेली, प्रशिक्षकाचा परवाना काढून दोन वर्षं घरी बसलेली.

"मॅडम, तुमच्या जागंवर मला घेऊन राहिलेत. करारात सल्लागार लिहिलंय. सही करू का?"

करू नकोस, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"न्हाई केली तर?" तिनंच विचारलं.

"दुसरीला घेतील."

मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझं लग्न ठरलंय."

लग्नानंतर तिचंही काय होणार, हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "कर सही."