उसनी मिशी
टर्पेंटाइनचा वास आला की अजून मला एक मिशी आठवते. तेव्हा मी बालाघाटात दुकानांच्या पाट्या, ट्रकांचे नंबर, दंडारीच्या नाटकांचे पडदे, मिळेल ते रंगवायचो. मेलेल्या माणसांची चित्रंसुद्धा. खैरलांजीकडच्या एका मयत शेतकऱ्याचा फोटोच नव्हता, म्हणून चित्र सांगायला आलेल्या त्याच्या थोरल्या भावाचा चेहरा मी मिशीसकट गुपचूप उतरवला आणि स्वतःला मोठा कलावंत समजलो. चित्र न्यायला तो विधवा भावजयीला घेऊन आला. स्वतः बैल हाकायची काठी घेऊन दाराबाहेर थांबला. बाई आत आली, चित्र पाहिलं आणि भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ओढतात तसा पदर तिनं झटकन तोंडावर ओढला. जित्या माणसाला हार घालायची सोय मी करून ठेवली होती. "जमलं का, पेंटर?" बाहेरून आवाज आला. "हे तं भासरे आहेत," ती कुजबुजली, "आमच्या मालकाले मिशी नव्हती." मी घाईघाईनं मिशीवर कातडीचा रंग फिरवला. "काहून बोलत नाही?" काठी उंबऱ्यावर आपटली. तिनं पदर जरा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हौ, जमलं." आजही गिऱ्हाईक चित्रासमोर गप्प उभं राहिलं, की मी आधी दाराबाहेर कोण उभं आहे ते बघून घेतो.