इराचं पहिलं मत

हे मी दोन वर्षं कुणाजवळ उच्चारलं नाही. गेल्या महिन्यात एका व्यक्तीला सांगितलं, आणि आता तुम्हाला. आत्तासुद्धा बघा ना—लिहायला बसल्यापासून तीनदा उठून चहा करून आले.

मी मूळची पुण्याची. पण चौदा वर्षं आम्ही पेनसिल्व्हेनियात काढली, तिथलेच नागरिक झालो, इरा तिथलीच. मग नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योत, तोयोसुला आलो. मत मात्र अजून तिथलंच, टपालानं पाठवायचं. आणि ते राज्य कायम काठावरचं—कधी याचं, कधी त्याचं. गेल्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथल्या जुन्या मैत्रिणी सारख्या फोन करायच्या, "अगं, तुझं एकेक मत इथं सोन्याच्या मोलाचं आहे." इतक्या लांब बसून मला तो प्रचार चढला होता—दुसरा शब्द नाही.

आणि इरा विरुद्ध बाजूची निघाली.

नुकती अठरा पूर्ण झालेली. आठवडाभर आमची जुंपायची. ती इंग्रजीत, मी मराठीत. शेवटी तिनं गुपचूप मतपत्रिका भरली. पाकिटावर सही लागते म्हणून आधी वहीच्या मागच्या पानावर दहा-बारा सह्या गिरवल्या. मग बेकरीतल्या बाइतोला—अर्धवेळ कामाला—निघताना म्हणाली, "आई, पोस्टात जातेयस ना? माझंही टाक. आजच, प्लीज."

मी गेले. माझं पाकीट काउंटरवर ठेवलं. तिथल्या बाईंनी माझ्या हातातल्या दुसऱ्या पाकिटाकडे बघून विचारलं, "हेही पाठवायचंय का?"

काय होतं तेव्हा माझ्या मनात? राग? रागसुद्धा नव्हता हो. एवढंच, की हे गेलं तर माझं मत वाया जाणार. मी हसून, अगदी नीट जपानीत म्हणाले, "नाही. हे नको."

घरी येऊन पाकीट फाडलं. जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत, दुधीच्या सालांखाली घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी गेली.

थांबा—एवढंच असतं तर.

निकाल लागला. एका मतानं काही हललं नसतं, असं म्हणायचा मोह होतो, म्हणूनच म्हणत नाही. इरानं तिथल्या निवडणूक कार्यालयाच्या वेबसाइटवर पाहिलं, तिचं मत पोचलंच नव्हतं. ती माझ्याकडे आली, डोळे भरलेले. "मीच उशीर केला ना, आई?"

आणि मी काय केलं? तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाले, "होतं गं असं. पुढच्या वेळी लवकर भर."

इरा आता त्सुकुबाला विद्यापीठात शिकते. यंदा पुन्हा अमेरिकेतली निवडणूक—अध्यक्षाची नाही, काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची. गेल्या महिन्यात तिला भेटायला गेले, तर कँटीनमध्ये तीन-चार अमेरिकन मुलांना घेऊन बसली होती. कुठे सही, कुठे तारीख, सगळं समजावत होती. कुणाला मत द्या, हे अवाक्षरानंही नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते. केवढी समंजस झाली होती! मग ती म्हणाली, "पहिल्या वेळी मी आळस केला, माझं मत फुकट गेलं. तुम्ही तसं करू नका."

मला तिथं उभं राहवेना. तिला बाहेर सायकलींपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. पोस्ट, पिशवी, केसांवरचा हात—सगळं.

राग आला की इरा जपानीवर जाते. "हिदोइ," एवढंच म्हणाली. क्रूर आहे हे. मग मराठीत, सावकाश, "म्हणजे मी उशीर केला नव्हता."

"नाही. तू वेळेत दिलं होतंस."

ती आत गेली. दार उघडंच होतं. मला ऐकू आलं, "मघाशी चुकीचं सांगितलं. मी वेळेत भरलं होतं." मग खुर्ची ओढून पुढच्या मुलीचा कागद हातात घेतला. पाठ ताठ.

मी परत आले. महिनाभर तिचा फोन नाही, मीही केला नाही.

काल मेसेज आला. रोमन लिपीत, पण मराठीत, एकच ओळ: माझं मत पोचलं.

मी लिहिलं, "छान." आणि फोन खाली ठेवला.