शेवटच्या पंगतीतली वाडी

तीन ऑगस्ट. ह्यांच्या कार्यालयाची खोली रिकामी करायला बसले. सासूबाईंचं तेरावं होऊन चार दिवस झाले होते. कपाटातले जुने अर्ज बघायचे, कामाचे ठेवायचे, बाकीचे रद्दीत.

हे पंधरा वर्षं आमदार होते. मागच्या निवडणुकीत पडले. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना ओढ्यावर साकव, म्हणजे पायी ओलांडायचा लहान पूल, मिळावा म्हणून ते मुंबईत मंत्र्यांच्या दारात तासन्‌तास बसत. पुष्कळ साकव झाले. अर्जांचा क्रम मी लावायचे, आणि आमच्या स्वतःच्या वाडीचा अर्ज दर वर्षी तळाला ठेवायचे. ह्यांचं म्हणणं, "लग्नात घरच्यांची पंगत शेवटी बसते. आधी आपलंच पान वाढून घेतलं तर लोक काय म्हणतील?" मला पटायचं. लोकही वाखाणायचे.

सासूबाई वाडी सोडून आमच्याकडे महाडला यायला तयार नव्हत्या. पावसाळ्यात ओढा ओलांडताना कमरेएवढं पाणी. शेजारीण चिडवायची, "आमदाराची आय ना गो तू? पोरानं होडी नाय धाडली?"

"धाडंल. पंगत उठू दे आधी," सासूबाई म्हणायच्या.

जुलैत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. वाडीतल्या चौघांनी डोली करून त्यांना खाली आणलं. ओढ्याला पूर. अलीकडे रस्त्यावर गाडी घेऊन आम्ही दोघं. पाणी उतरायला तीन तास लागले. हे काठावरून सारखे ओरडत होते, "आये, हितंच हाय मी." पाण्याच्या आवाजात पलीकडे काही पोचत नव्हतं. डोली आली तेव्हा अंग गार पडलं होतं.

गठ्ठ्याच्या तळाशी आमच्या वाडीचे अर्ज होते. प्रत्येकावर सासूबाईंचा अंगठा. हे दारात येऊन उभे राहिले. मी अर्ज त्यांच्या हातात दिले. त्यांनी एकेक पाहिला.

"तू एखाद्या वर्षी वर का नाही ठेवलास?" रागाने नाही, नुसतंच विचारलं.

"तुम्ही सांगितलं होतंत," मी म्हणाले.

ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी उरलेली रद्दी बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा अर्ज लिहिला आणि ह्यांना पाडून आलेल्या आमदारांच्या कार्यालयात गेले. बाकावर अकरा माणसं बसली होती. तिथल्या कारकुनाने मला ओळखलं. "वहिनी, तुम्ही थेट आत चला," म्हणाला. मी कुणाकडे न बघता सगळ्यांच्या आधी आत गेले.