डाल्यावरचं दुपटं

माझं माहेर भोरच्या बाजूचं, म्हणजे इथल्या भाषेत मी घाटावरची. लग्न होऊन कोकणात, बिरवाडीत आले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की इथे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. म्हणजे वाळतच नाहीत. आमच्याकडे सकाळी साडी दोरीवर टाकली की जेवणाच्या आत खडखडीत. इथे ती पडवीत नुसती लोंबकळायची आणि शेवटी कुबट वास मारायला लागली की पुन्हा धुवायला घ्यायची. पहिल्या पावसाळ्यात मी रडले ते सासुरवासाने नव्हे, ओल्या परकरांनी.

त्यात लेक झाली ती ऐन पावसात. बाळंतपणाला माहेरी जायची सगळी तयारी होती, पण पोरीने घाई केली आणि सासरीच सगळं उरकलं. लंगोट वाळवायचे कुठे? सासूबाईंनी माळ्यावरून डालं काढलं. कोंबड्या झाकायला असतं तसंच बांबूचं, पण हे कपड्यांसाठी राखलेलं. घमेल्यात निखारे, त्यावर डालं उपडं घालायचं आणि वरून लंगोट, झबली पसरायची. वाळायची झटक्यात, पण धुराचा असा वास की विचारू नका. मी नाक मुरडलं की आमचे हे सासूबाईंना म्हणायचे, "घाटावरची बाय हाय, तिला धुराची सवय नाय."

बारशाला आई घाट उतरून आली. नातीला मांडीवर घेतलं, हुंगलं आणि भर बायकांत म्हणाली, "पोर हाय का सुकट?" सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दोघींची गट्टी जमली ती तिथपासून. पण परत जाताना एसटीच्या खिडकीतून आईने माझा हात सोडला नाही. तिच्या मनाने घेतलं होतं की पोरीला ओलीत दिली. तेव्हापासून दर पावसाळ्यात तिचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. "कपडे वाळतात का गं?" मी हो म्हटलं की मग बाकीचं बोलणं.

तेव्हाचा पाऊस होताच तसा. झड लागली की आठ-आठ दिवस धार तुटायची नाही, पण त्याला घाई नसायची. माणसं त्यातच लावणी करायची, बाजाराला जायची, कारखान्यात पाळीला जायची. आता टीव्हीवर तज्ज्ञ सांगतात, उत्तर कोकणातला मुसळधार पाऊस असा बदलला, तसा बदलला. मला विचारा की, मी दोरीवरून सांगते. चार दिवस असं ऊन पडतं की पंख्याखाली घाम निथळतो, आणि मग तासाभरात महिन्याचं देणं फेडल्यासारखा ओततो. पुष्य नक्षत्राच्या पावसाला इकडे म्हातारा पाऊस म्हणतात. हल्ली हा म्हातारा केस काळे करून हिंडतो. त्याच्या या तऱ्हेने दरडी आल्या, घरांत चिखल शिरला, माणसं गेली. ते मी विसरलेले नाही. पण पावसाशी जन्मभर अबोला धरून इथे राहता येत नाही.

तर यंदा लेकीला मुलगी झाली, आमच्याच घरी, त्याच म्हाताऱ्या पावसात. आई पणजी झाली. तिला आता नीट दिसत नाही, तरी उन्हाळाभर बसून तिने दुपटं शिवलं, स्वतःच्या जुन्या लुगड्यांचं, चांगलं जाड. सुई ओवायला शेजारणीला हाक मारायची, टाके मात्र सगळे तिचे. फोनवर मला बजावलं, "पोरीला पाळण्यात घालशील ती माझ्या दुपट्यावर. कोरडं, उन्हातलं. तुमच्या धुरातलं नगं." आणि मग हळूच म्हणाली, "आता माझ्याच्यानं दुसरं हुणार न्हाय गं." बारशाचं बाकी काही का होईना, हे एक व्हायलाच हवं होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी फोनवर इशारा आला, लाल रंगाचा. घाट बंद, शाळा बंद. आणि आभाळात ढगाचा तुकडा नाही. गल्लीतली पोरं लख्ख उन्हात क्रिकेट खेळत होती आणि मी दारात उभी राहून त्या फोनला शिव्या घालत होते. "त्याला काय बोलतेस गो," हे म्हणाले, "तो काय पाऊस पाडतो?" सुदैवाने बारशाच्या दिवशी सकाळी लहान गाड्यांना घाट सोडला. दुपारी भावाचा छोटा टेम्पो दारात आला. मागे पाळणा, तांदळाचं पोतं आणि आईचं गाठोडं. पुढे भावाशेजारी आई, लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरून.

आई उतरली ती थेट मागे गेली आणि गाठोड्याला हात लावला. पाणी ठिबकत होतं.

झालं होतं असं की ताडपत्री गाडीतच होती, घडी घातलेली. पण आमच्या माहेरची पिढीजात रीत, की ताडपत्री घालायची ती घाटमाथ्यावर, वाघजाईच्या देवळापाशी. पाऊस तिथून सुरू होतो. अलीकडे कशाला उगीच? आणि यंदा नेमका भोरच्या बाजूला ढग फुटल्यासारखा कोसळला. वाघजाईला पोचले तर तिथे ऊन. भाऊ म्हणाला, "आता काय घालायची ताडपत्री," आणि भजी खाऊन खाली आले. आई ओलं गाठोडं मांडीवर घेऊन ओटीवर बसली.

मी म्हटलं, काळजी करू नकोस, आमच्याकडे ऊन आहे. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं याचं मलाच नवल वाटलं. दुपटं पिळून अंगणात टाकलं. इतकं जाड की संध्याकाळपर्यंत वाळेल न वाळेल. तोवर वरंधच्या डोंगरावर काळं झालं आणि बघता बघता अंगणात सर आदळली. "मेल्या, आजच सुचलं का तुला?" मी ओरडले आणि दुपटं उचलून आत पळाले. विहीणबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई, आधीच येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "डालं नाय का तुमच्यात?"

डालं होतं. सासूबाई गेल्या, तरी मी ते टाकलं नव्हतं, माळ्यावरच होतं. लेकीच्या शेकासाठी निखारे घमेल्यात तयारच होते. डालं पुसलं, उपडं घातलं, वर दुपटं पसरलं. आई म्हणाली, "धुरात नगं म्हनलं होतं ना?" मी म्हटलं, "मग ओल्यावर झोपवू?" आई उठली आणि दुपट्याची बाजू आपणच परतायला बसली. मग विहीणबाई बसल्या, शेजारणी बसल्या. एक परततेय, एक निखारा फुंकतेय, एक लाडू वाटतेय. पाहुण्यांसाठी चहा टाकायचं कुणाला सुचेना. जावई बिचारे दोनदा डोकावून गेले. विहीणबाई म्हणाल्या, "बारसं पोरीचं हाय का दुपट्याचं?" आणि आई इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

दिवेलागणीला दुपटं वाळलं. आईनेच ते पाळण्यात अंथरलं, हाताने चाचपून कोपरे सारखे केले आणि पणतीला वर ठेवलं. पोरीने एक जांभई दिली आणि झोपली. नाव कानात सांगितलं तरी हलली नाही. आईने वाकून तिला हुंगलं. सगळ्या बायका कान टवकारून बसलेल्या.

"हाय," आई म्हणाली, "सुकटच हाय." आणि डोळे पुसत हसत राहिली.

दोन दिवसांनी भाऊ तिला घेऊन गेला. आमच्याकडे त्यानंतर कडकडीत ऊन, लंगोट दोरीवर तासात वाळत होते. भोरच्या बाजूला मात्र झड लागली, अगदी आमच्या जुन्या झडीसारखी. न राहवून मीच फोन केला. आईने उचलला. मी कशी आहेस विचारलं नाही, जेवलीस का विचारलं नाही.

"आई, कपडे वाळतात का गं?"

पलीकडून पाऊस ऐकू येत होता.

"न्हाय वाळत," आई म्हणाली. "एक डालं धाडून दे."