हेन्रीची आत्या

बारशाहून परत येताना माणूस दोन गोष्टी घेऊन येतो. एक घुगऱ्यांची पिशवी आणि एक किस्सा. घुगऱ्या दुसऱ्या दिवशी संपतात. किस्से संपत नाहीत. माझ्याकडे पंधरा वर्षांचे आहेत.

याचं कारण सोपं आहे. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये मराठी बाळं भरपूर, पण त्यांच्या सख्ख्या आत्या पुण्यात, अकोल्याला, नाहीतर विसाच्या रांगेत. आत्याशिवाय बारसं कसं होणार? पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचं आणि मागे उभ्या असलेल्या बायकांचे धपके पाठीवर खायचे, हे काम आत्याचंच. मग आमच्या ग्रुपने रेडीमेड आत्या शोधली. ती मी. मला सख्खा भाऊ नाही, चुलतही नाही. आत्या हे पद मला या गावाने दिलं. मला ते आवडायचं.

परत येताना ड्राइव्ह मी करायची आणि शेजारी बसून माझा नवरा, माधव, फोनवर त्या नावाची कुंडली मांडायचा. नाव कुठून आलं, अर्थ काय, कधी जोरात चाललं, कधी पडलं. कारण आमच्याकडे हळूहळू अर्णव, विहान मागे पडले आणि भलतीच नावं कानात सांगायची वेळ माझ्यावर आली.

*

त्यातलं पहिलं आर्थर.

आईवडिलांनी नाव शेवटपर्यंत गुप्त ठेवलं होतं. मी कानात सांगितलं, मग मोठ्याने सांगितलं. नागपूरहून आलेले आजोबा सोफ्यावर बसले होते. त्यांनी मुलाला विचारलं, “अर्थ काय याचा?”

मुलाने फोन काढला, वाचलं आणि म्हणाला, “अस्वल, बाबा. म्हणजे बहुतेक. नक्की कोणालाच माहीत नाही.”

आजोबांनी पाळण्याकडे बघितलं. मग म्हणाले, “तुझं नाव ठेवलं तेव्हा आम्हाला नक्की माहीत होतं.”

आणि ते जेवायला उठले.

*

पुण्याचं एक जोडपं होतं, फार पद्धतशीर. नाव फायनल करण्याआधी त्याची टेस्ट घ्यायची असं त्यांनी ठरवलं. होणारा बाप पार्कमध्ये गेला आणि झोपाळ्यांजवळ उभा राहून ओरडला, “ऑलिव्हर!”

चार पोरं धावत आली. ऑलिव्हर कॅन्सल केलं.

मी त्याला म्हटलं, एकदा पांडुरंग म्हणून ओरडून बघायचं होतंस. एकही पोरगं आलं नसतं. नाव अगदी युनिक!

तो हसला नाही. बाळाचं नाव थिओडोर ठेवलं. परतताना माधवने फोन बघितला आणि गाडीत इतका हसला की मला आवाज चढवून विचारावं लागलं, काय झालं म्हणून.

“थिओडोर म्हणजे देवाने दिलेला. अगं, देवदत्त! ग्रीसला जाऊन, इंग्लंडला वळसा घालून देवदत्तच आणला की यांनी!”

मला हसू आलं नाही, संतापच आला. मी म्हटलं, मग हे तिथे का नाही बोललास?

“आत्या तू आहेस,” माधव म्हणाला.

*

एकदा एका बाळाच्या अकोल्याच्या सख्ख्या आत्याने हट्ट धरला, ‘नाव मीच सांगणार, व्हिडिओ कॉलवरून.’ तिचा हक्कच होता. मी फक्त फोन धरायचा.

मी पाळण्यावर वाकले, फोन बाळाच्या कानाशी नेला. तिकडून “कुर्रर्र” आलं आणि चित्र थांबलं. तोंड उघडं, हात वर, डोळे मिटलेले. नाव अकोला आणि नेपरव्हिलच्या मध्ये कुठेतरी अडकलं. पण मागच्या बायकांना काय, कुर्र ऐकू आलं होतं. त्यांनी धपाधप धपके घातले. माझ्या पाठीवर.

मान तिचा, मार माझा. गाडीत माधवने पाठीला शेक घ्यायचा सल्ला दिला.

*

आता वसुधाताईंबद्दल. वसुधाताई आमच्या ग्रुपमधलं शास्त्र. कोणाला काही विचारायचं असलं की त्यांना फोन. आणि त्या उदार. बारावा दिवस बुधवारी येतोय? शनिवारी करा, इकडे चालतं. पाळणा नाही? बॅटरीवर हलणारा झोका चालतो. पेढ्यांऐवजी कपकेक चालतात. घुगऱ्या भिजवायला वेळ नाही? डब्यातले छोले धुऊन घ्या, चालतात.

“इकडे सगळं चालतं,” हे त्यांचं वाक्य. गौरी बसवायच्या जागेपासून गोत्रापर्यंत. मला त्यांचं कौतुक वाटायचं. परदेशात एवढं मोकळं मन असावं, असंही मी कोणाकोणाला म्हटलं होतं.

*

दोन हिवाळ्यांपूर्वी माधव गेला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात इंडियन ग्रोसरीत ग्रुपमधली एक मुलगी भेटली. कडेवर तिचं तीन महिन्यांचं बाळ. मी विचारलं, बारसं कधी करताय? ती कोथिंबिरीच्या जुड्या निवडायला लागली. एक उचलायची, ठेवायची, दुसरी उचलायची. कोथिंबीर सगळी सारखीच होती.

“झालं, काकू. अगदी छोटंसं केलं.”

संध्याकाळी वसुधाताईंचा फोन आला. म्हणजे बातमी पोचली होती. त्या म्हणाल्या, “तुम्हाला दगदग नको, म्हणून नाही बोलावलं हो नीलाताई.” पाळण्यावर वाकण्यात दगदग कसली, असं मी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, “तसं नाही. लहान बाळाचं असतं ना... कोणाच्या मनात उगाच काही यायला नको.”

मी विचारलं, कोणाच्या?

त्यांना दुसरा फोन येत होता.

त्यानंतर तीन बारशी झाली. फोटो मी ग्रुपवर पाहिले. एका बाळाचं नाव फ्रेडरिक होतं. ते चाललं. झोका बॅटरीचा, छोले डब्यातले, ते चाललं. फक्त मी चालले नाही.

*

आणि आता हेन्री.

केतकी आणि श्रेयस नागपूरचे, इथे नवीनच. केतकीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मी दिले होते, म्हणून आमंत्रण आलं. पण आलं ते वसुधाताईंकडून, कारण व्यवस्था त्यांची. “शनिवारी या हं. साडेबाराला. निवांत जेवायलाच या.”

शुक्रवारी केतकीचा फोन आला. “काकू, उद्या अकरालाच येऊन राहिल्या ना तुम्ही?”

मी म्हटलं, मला तर साडेबारा सांगितलंय.

“नाही हो, पाळणा अकराला आहे. मी तर तुम्हालाच आत्या व्हा म्हणणार होते. पण वसुधाकाकू म्हणाल्या, ‘मी नीलाताईंना विचारलं, त्या नको म्हणाल्या, त्यांना अजून जमत नाही.’ म्हणून मग त्याच होऊन राहिल्या आत्या.”

मला कोणी विचारलं नव्हतं. मी काहीच नको म्हटलं नव्हतं. केतकीला मी एवढंच विचारलं की बाळाचं नाव काय ठरलं.

“हेन्री. श्रेयसला आवडते. वसुधाकाकूंना पण गोड वाटलं. म्हणाल्या, इकडे चालतं.”

*

शनिवारी मी अकराच्या जरा आधीच पोचले. त्यांच्या घरासमोर गाडी लावली आणि शेजारची सीट रिकामी असल्यामुळे फोन मीच काढला.

हेन्री. जुनं जर्मनिक नाव, नॉर्मन लोकांनी इंग्लंडला नेलेलं. तिथे आठ राजे या नावाचे. इथे शंभर वर्षांपूर्वी घरोघरी होतं, मग पडलं, फक्त म्हाताऱ्यांचं राहिलं, आणि आता पुन्हा बालवाडीत आलंय. अर्थ, घराचा राजा.

माधव असता तर म्हणाला असता, घराचा राजा, पण घर बापाच्या विसावर. मी फोन पर्समध्ये टाकला आणि आत गेले.

वसुधाताई हिरव्या साडीत पाळण्याशी उभ्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला. “अगंबाई, लवकर आलात?”

“नाही,” मी म्हटलं. “वेळेवर आले.”

बायका पाळण्यामागे उभ्या राहिल्या, मीही जाऊन उभी राहिले. मला कोणी थांबवलं नाही. मागे उभं राहायला बहुधा चालतं.

वसुधाताई वाकल्या. “कुर्रर्र,” त्या म्हणाल्या, “हेन्री!” बायकांनी धपके घातले, पण काय ते धपके! साडीची इस्त्री मोडू नये असे. बोटांनी नुसतं टेकवायचं आणि हसायचं. पंधरा वर्षांत मला असे धपके कधी मिळाले नाहीत.

मग मी हात उचलला.

एकच घातला. पण असा घातला की पार किचनमध्ये ऐकू गेला. वसुधाताईंचा चष्मा नाकावरून सुटून पाळण्यात पडला.

“अहो नीलाताई!”

“आत्याला मार पडतोच,” मी म्हटलं. “मी पंधरा वर्षं खाल्लाय.”

झोक्याची मोटर तेवढी घरघरत राहिली. वसुधाताई डोळे बारीक करून पाळण्यात चाचपडत होत्या. हेन्रीने चष्म्याची काडी मुठीत घट्ट धरली होती आणि तो ती सोडत नव्हता. त्या ओढत होत्या, तो सोडत नव्हता. आणि सगळ्यांत आधी केतकी हसली, ओली बाळंतीण, पोट धरून.

जेवण साडेबाराला होतं. अजून बराच वेळ होता. मी पाळण्याजवळची खुर्ची ओढली आणि बसले.