वेगाच्या खटल्यात मी द्यायची होती ती साक्ष

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ तर कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्याबद्दल माफी. कुणी वाचणार नाही म्हणूनच लिहिते.

हे तेव्हा नेवाशात एका मालकाची जीप चालवायचे. एका शनिवारी मला माहेरून, पाथर्डीहून, आणत होते. शिंगणापूरला जाणारी माणसं नेवाशाच्या स्टँडवर जीपसाठी खोळंबली होती, म्हणून गाडी पळवली. वाटेत पोलिसांनी हात केला. अलीकडं एक, पलीकडं एक, हातात घड्याळ, मधल्या अंतराला गाडीला किती वेळ लागतो ते मोजायला. पुढं कोर्टाचं समन्स आलं.

घरात सगळे म्हणाले, गुन्हा कबूल केला की बेड्याच. सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, "म्हण, गाडी हळू हुती. ही हुती की शेजारी, हिची साक्ष काढ."

हे हसले. "गिरणीवाल्याला गहू का ज्वारी ते सांगायला लाजती, ही काय साक्ष देती!"

पण समन्सवरची तारीख जवळ आली तसे हेही तेच म्हणू लागले. मला जेवण जाईना. भर कोर्टात परक्या पुरुषांसमोर शपथ घेऊन खोटं बोलायचं! शेवटी शेजारच्या चाचींपाशी रडले. त्यांचे यजमान, चाचा, कोर्टात बेलीफ, घरोघरी समन्स पोचवायचे. चाचींनी त्यांना ओट्यावर बोलावलं. मी पदर ओढून दाराआड उभी राहिले.

"बेटी, कोर्टात जज्जसाहेब इचारतील, गुन्हा कबूल हाय का?" चाचा म्हणाले. "व्हय म्हणलं तर भौतेक त्याच दिवशी दंड भरून मोकळं. न्हाई म्हणलं तर तारीख पडती. पोलीस साक्ष देनार, तुमीबी द्यायची. गाडी खरंच हळू आसंल तर न्हाई म्हणायचा हक्क हाय. हळू हुती का?"

मी मान हलवली. नव्हती.

"बेड्या?" चाचींनी माझ्या वतीनं विचारलं.

"दंड भरल्यावर कशाच्या बेड्या! पयलीच येळ हाय, लायसनवर शेरा मारत्याल. घडी घडी झालं तर मातर लायसन जाईल."

रात्री मी यांना सगळं सांगितलं. इतकं सलग मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असेन. दंडासाठी चाचींनी शेळी विकून आलेले चाळीस रुपये उसने दिले.

तारखेच्या दिवशी मी कोर्टाबाहेर लिंबाखाली बसले होते. हे लवकरच बाहेर आले.

"कबूल म्हणलं. पस्तीस रुपये. साहेबांनी मान वर करून पाहिलं बी न्हाई."

"आन लायसन?"

त्यांनी खिशातून काढून दाखवलं. मागं शेरा होता, पण लायसन हातात होतं. मला एकदम भूक लागली. उरलेल्या पैशांची भजी खाल्ली. घरी जाताना यांनी जीप इतकी हळू घेतली की एक सायकलवाला पुढं गेला. "घ्या, आता ह्याला धरत्याल," हे म्हणाले, आणि मी मोठ्यानं हसले.

अंडी विकून मी चाचींना थोडे थोडे पैसे देत गेले. दिवाळीच्या आधी शेवटचे दोन रुपये चाचींच्या हातावर ठेवले. चाळीसच्या चाळीस फिटले.