वाळल्या झाडांचे कासमचाचा

कासमचाचा माझ्या आरोग्य उपकेंद्रात पहिल्यांदा आले ते स्वतःचं दुखणं घेऊन नव्हे, एका आंब्याचं दुखणं घेऊन. मेंदीनं लाल केलेली दाढी, भुवयांवर लाकडाचा भुसा आणि आवाज असा, की बाहेर बांधलेली शेळी दचकून उठली.

"बाई, तुमची ती छाती ऐकायची नळी घ्या अन् चला. पेशंट उभा हाय, त्याला आनता येत न्हाई."

नगरहून नर्सिंग शिकून मी नुकतीच राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या डोंगरी गावात रुजू झाले होते. राजूरच्या बाजारात ज्यांची लाकडाची वखार आणि कापायचं मशीन आहे ते हेच, एवढंच ऐकून होते. गेले त्यांच्यामागून. त्यांनी मला उतारावरच्या एका आंब्यापाशी नेलं. खोडावर भोकं होती आणि त्यांतून पिवळसर भुसा गळत होता.

"लावा नळी हितं. काय ऐकू येतंय?"

मला हसू येत होतं, पण लावली. आधी काहीच नाही. मग आतून बारीक करकर ऐकू आली. मी ओरडून सांगितलं, "कुणीतरी वाळकी भाकरी चावतंय!"

"भिरूड!" चाचांनी मांडीवर थाप मारली. "मशीननं माझे कान खाल्ले, बाई. झाडाच्या पोटातला आवाज आता मला येत न्हाई."

भिरूड म्हणजे खोड पोखरणारी अळी. तिचा पुढं मोठ्या मिशांचा भुंगा होतो. चाचांनी भोकात तार घालून बोटाएवढी पांढरी अळी ओढून काढली, माझ्या पेटीतला कापूस रॉकेलमध्ये बुडवून आत कोंबला आणि वरून चिखल लिंपला. "कापूस सरकारचा, रॉकेल माझं. झाडाचं काय जातंय?" असं म्हणून ते आपल्याच विनोदावर खूप वेळ हसले.

लाकडाच्या व्यापाऱ्यानं झाडाला औषध करावं, याचं राजुरात सगळ्यांना हसू यायचं. चाचांना त्याचं काही नव्हतं. कुणी हिरवं झाड विकायला आलं की ते विचारायचे, "ह्याला काय रोग झालाय?" काही नाही म्हटलं, की म्हणायचे, "मग रोग तुला झालाय. जा, बाईकडनं गोळी घे." असे माझ्याकडे दोघं-तिघं खरोखरच गोळी मागायला आले होते. वाळलेलं झाड मात्र ते घ्यायचे, कितीही वाकडं असो. "मेलेल्याला कामाला लावायचं," म्हणायचे, "म्हंजे जित्याला जगायला सवड मिळती."

ते साधूसंत मुळीच नव्हते. बढाईखोर होते, भांडखोर होते आणि चहाच्या बाबतीत तर भलतेच चिक्कू. पाहुण्याला अर्धा कप द्यायचे आणि वर सांगायचे, "पुरा कप पिल्यानं मान्साची भूक मरती." दुसऱ्या कुणाच्या वखारीचं कौतुक त्यांच्यासमोर केलं, तर आठवडाभर अबोला. त्यांचा अबोलाही बाजारभर ऐकू जायचा.

मग तो मोठा दुष्काळ आला. गावावरच्या टेकाडाला जुन्या आंब्यांची राई होती, प्रत्येक घराचा तीत वाटा. पाऊस लागोपाठ हुकला, झाडं अशक्त झाली आणि भिरुडाला आयतंच फावलं. बरीच झाडं उभ्या उभ्या वाळली. शहरातला एक ठेकेदार आला आणि म्हणाला, रोग पसरतोय, अख्खी राईच मला द्या. सुकलेली आणि हिरवी, सरसकट. घरोघरी कणग्यांचे तळ दिसत होते. माणसं कबूल व्हायला निघाली.

चाचा त्या दिवशी धापा टाकत डोंगर चढून आले. पारावर सगळं गाव जमलेलं. त्यांनी आपलं म्हणणं मांडलं: मेलेली झाडं मी घेतो, इथंच चिरतो, कामाला गावातलीच माणसं. पोखरलेला भाग आणि साली पावसाच्या आत जाळायच्या, कारण पाऊस लागला की भुंगे बाहेर पडून हिरव्या झाडांवर अंडी घालतात. जगलेल्या झाडांना औषध करायचं.

राईत सगळ्यांत मोठा वाटा ठकुबाईंचा. तरुणपणी विधवा झालेल्या, जिभेच्या तिखट. त्या म्हणाल्या, "चाचा, बोका दुधाची राखन करायला आला म्हनायचा!"

पार हसला. चाचाही हसले. मग म्हणाले, "बोका म्हातारा झाला की त्याला म्हशीची काळजी वाटती, ठकुबाई. ठेकेदार यंदा दाना दील. पुढल्या सालाला कैरी कोन दील?"

ठकुबाईंनी वळून टेकाडाकडं पाहिलं. "माझी जिती झाडं ऱ्हाऊ द्या," एवढंच बोलल्या. मग एकेक करून बाकीचेही वळले. दोन घरांनी मात्र आपला वाटा ठेकेदाराला दिलाच. त्यांना कुणी नावं ठेवू लागलं, तसे चाचा गरजले, "त्यांच्या घरात लेकरं उपाशी हायेत. तू जेवून आलायस, गप बस."

उन्हाळाभर राईत करवती चालल्या. पण भोकं पडलेलं लाकूड दारं-चौकटींना कुणी घेईना. चाचा नगरला गेले, नागापूरच्या नव्या कारखान्यांचे उंबरे झिजवले आणि यंत्रं भरून पाठवायच्या खोक्यांचं काम घेऊन आले. "मशीनला भोकाचं काय सोयरसुतक?" असं ते पुढं महिनाभर ज्याला त्याला ऐकवत होते. उरलेल्या तुकड्यांचे पाट आणि पोळपाट झाले.

अशाच एका दुपारी घरची माणसं ठकुबाईंच्या सुनेला वरच्या वस्तीवरून झोळीत घालून खाली आणत होती. मूल आडवं आलं होतं. राईजवळच्या घसरणीवर पुढच्या माणसाचा पाय सटकला आणि झोळी खडकावर आदळली. मी धावले. ती पांढरीफटक पडली होती, आणि तिला राजूरच्या डॉक्टरांकडं नेण्यावाचून माझ्या हातात काही नव्हतं. चाचांनी करवती थांबवल्या. नुकतीच चिरलेली रुंद फळी दोन बांबूंना बांधायला लावली, तिच्यावर गोधडी घातली आणि करवतीवरची सगळी माणसं खांदा बदलत निघाली. पुढं चाचा. "वाट सोडा! सावकास! डाव्या अंगाला दगड हाय!" त्यांच्या त्या आवाजाचा मला नेहमी त्रास व्हायचा. त्या दिवशी तोच आवाज आम्हांला खाली घेऊन गेला.

बाळ आणि बाळंतीण, दोघं वाचली. ठकुबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आठवडा गेला असेल. उपकेंद्राच्या दारात एक डोलीखुर्ची येऊन पडली. बैठक आणि पाठ वाळल्या आंब्याची, हात टेकायला जागा, कमरेला पट्टा, खांद्यावर घ्यायला बांबू. मी आभार मानू लागले, तर चाचा म्हणाले, "आभार नगं. चहा पाजा. अन् पुरा कप हां!"

त्या खुर्चीतून किती बाया डोंगर उतरल्या, मी मोजलं नाही. पण एवढं सांगते, की तिथल्या नोकरीत मी निर्धास्त झोपायला शिकले ते ही खुर्ची आल्यावर.

पाऊस आला. राईतल्या कित्येक झाडांना पालवी फुटली. काही औषध करूनही गेली. अशा झाडापाशी चाचा उभे राहायचे आणि एरवी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणायचे, "ह्याच्याकडं यायला उशीर केला आपन."

माझी श्रीगोंद्याला बदली व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्यानं गेले. सकाळची वेळ होती, राजूरला त्यांच्या घरी मी उशाशी होते. निरोप वर पोचला आणि दुपारी डोंगरावरची माणसं खांद्यांवर फळ्या घेऊन उतरली. पुढं ठकुबाई. कबरीत मातीखाली आडव्या घालतात त्या फळ्यांची तयारी चाचांचा मुलगा यासीन यानं आधीच केली होती. त्यानं तसं सांगितलं.

"तुझ्या ऱ्हाऊ दे, बाबा," ठकुबाई म्हणाल्या. "ह्या आमच्या राईतल्या. आपसूक वाळलेल्या झाडाच्या हायेत. तुझ्या बापाला चालतील."

यासीननं आपल्या फळ्या वखारीच्या भिंतीला उभ्या केल्या आणि या उचलायला तो स्वतः पुढं झाला. पुरुषमंडळी कबरस्तानाकडं निघाली. आम्ही दोघी दारातच थांबलो. ती सगळी वळणाआड जाईपर्यंत ठकुबाईंनी माझा हात सोडला नाही.